प्रयोगात्म कलांतील तरुण कलावंत : लोकवर्गणी, शिष्यवृत्ती आणि घडणीची वर्षे

सारांश

महाराष्ट्रात प्रयोगात्म कलांना समाजाचा आर्थिक आधार नाही, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. गावची जत्रा, देवस्थान, संगीत महोत्सव, नाट्यस्पर्धा आणि पुरस्कार यांच्याद्वारे समाज कलेसाठी नियमितपणे पैसा देत आला आहे. मात्र हा पैसा प्रामुख्याने प्रयोगाला मिळतो. प्रयोगापर्यंत पोहोचण्यासाठी कलावंताला जी आठ-दहा वर्षे शिकण्यात घालवावी लागतात, त्या वर्षांना मिळत नाही. प्रस्तुत लेखात संगीत, नाटक, तमाशा आणि दशावतार या क्षेत्रांतील उदाहरणांच्या आधारे ही उणीव स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला असून स्थानिक लोकवर्गणीतून ‘घडण निधी’ कसा उभारता येईल आणि त्यात महाविद्यालयांनी कोणती भूमिका बजावावी, याचा विचार मांडला आहे.

बीजशब्द : प्रयोगात्म कला, लोकाश्रय, लोकवर्गणी, तालीम, गुरुशिष्य परंपरा, शिष्यवृत्ती.

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागाचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकांना एक अनुभव परिचयाचा असेल. युवक महोत्सवात एखादा विद्यार्थी पखवाजवादनात किंवा लोकनृत्यात पहिला येतो. प्राचार्यांच्या हस्ते त्याचा सत्कार होतो, वार्षिक अंकात छायाचित्र छापले जाते. पदवीचे वर्ष संपते आणि दोन वर्षांनी तोच विद्यार्थी एखाद्या पतसंस्थेच्या वसुलीच्या कामावर भेटतो. प्रस्तुत लेखकाने अशाच एका माजी विद्यार्थ्याला “वाजवणे चालू आहे ना?” असे विचारले, तेव्हा त्याने दिलेले उत्तर या लेखामागील खरे कारण आहे. तो म्हणाला, “सर, गणपतीत वाजवतो. बाकी शिकायला जायचं तर गुरुजींकडं आठवड्यातनं दोन दिवस जावं लागतं. तेवढी रजा कोण देतंय?”

या उत्तरात कलेविषयीची अनास्था नाही. गणपतीत वाजवल्याचे त्याला पैसेही मिळतात. त्याला मिळत नाही तो शिकण्यासाठी लागणारा वेळ, आणि वेळ न मिळण्याचे कारण आर्थिक आहे. म्हणून ‘तरुण कलावंताला मदत’ या शब्दप्रयोगाचा अर्थ नेमका करणे आवश्यक ठरते. मंच मिळवून देणे, पारितोषिक देणे, मानधन देणे आणि शिकण्याची वर्षे सुरक्षित करणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या तीन गोष्टींसाठी आपल्याकडे काही ना काही व्यवस्था आहे. चौथीसाठी ती फारच तोकडी आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) कलाशिक्षणाचा खर्च पूर्वी कोण उचलत होते, हे पाहणे. (२) आजच्या लोकवर्गणीचे आणि शासकीय साहाय्याचे स्वरूप तपासणे. (३) तरुण कलावंतांच्या घडणीसाठी स्थानिक निधीची व्यवहार्य रचना सुचविणे.

शिकण्याचा खर्च पूर्वी कोण उचलत होते?

राजाश्रयाच्या काळात दरबारी कलावंताला वेतन मिळे आणि त्या वेतनावर त्याच्या घरचे शिष्यही पोसले जात. अल्लादिया खाँसाहेब १८९५ पासून कोल्हापूर दरबारात होते. छत्रपती शाहू महाराजांच्या निधनानंतर, म्हणजे १९२२ नंतर, ते मुंबईस गेले. संस्थानी आश्रयाची मर्यादा यातून स्पष्ट होते. तो आश्रय उदार होता; पण एका व्यक्तीच्या हयातीशी बांधलेला होता.

गुरुगृही राहून शिकण्याच्या पद्धतीचा गौरव आपण नेहमी करतो. तिचा आर्थिक अर्थ मात्र क्वचितच उलगडला जातो. पंडित भीमसेन जोशी १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. पुढे कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांच्या घरी राहून, घरातील कामे करीत ते शिकले. येथे शुल्क नव्हते, म्हणजे खर्च नव्हता असे नाही. शिष्याच्या दोन वेळच्या जेवणाचा भार गुरूच्या स्वयंपाकघराने उचलला आणि त्याची परतफेड शिष्याने श्रमाने केली. ही व्यवस्था कोणत्याही हिशेबाच्या वहीत नोंदली गेली नाही, म्हणून ती फुकट होती असा समज रूढ झाला. आज शहरातील दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या गुरूने चार शिष्यांना वर्षानुवर्षे घरी ठेवावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

तिसरी व्यवस्था नाटक मंडळ्यांची होती. किर्लोस्कर नाटक मंडळीत बालगंधर्व १९०५ मध्ये दाखल झाले. तेथे त्यांना भास्करबुवा बखले यांच्याकडून गाण्याची तालीम मिळाली. मंडळीत लहान वयात आलेल्या मुलांना जेवण, निवास, गायनाचे आणि अभिनयाचे शिक्षण मिळे. आणि हा सारा खर्च तिकीटविक्रीतून निघे. प्रेक्षक तिकिटाचे पैसे देत असे तेव्हा त्याच्या नकळत तो उद्याच्या नटाच्या शिक्षणालाही हातभार लावीत असे. मंडळ्या कर्जात बुडाल्या, बोलपट आले आणि ही व्यवस्था मोडली. तिकीट राहिले, पण तिकिटाच्या पैशातून शिकणारा मुलगा त्या हिशेबातून निघून गेला.

चौथे उदाहरण या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हे, तर जनतेच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या मैफलींच्या उत्पन्नावर संगीताचे विद्यालय चालविण्याचा हा मोठा प्रयोग होता. त्यातील ‘उपदेशक वर्ग’ विशेष लक्षणीय आहे. या वर्गातील विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची व निर्वाहाची सोय संस्था करी. त्या बदल्यात ठराविक वर्षे शिकण्याची आणि पुढे संगीतप्रसार करण्याची बांधिलकी विद्यार्थी स्वीकारीत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही शिष्यमंडळी पाहिली म्हणजे या गुंतवणुकीचे मोल ध्यानात येते.

तथापि याच प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९०८ मध्ये मुंबईत महाविद्यालय सुरू झाल्यावर पंडितजींनी संस्थेसाठी कर्ज काढून इमारत उभारली. ते कर्ज फिटले नाही आणि अखेर इमारतीचा लिलाव झाला. इमारत गेली, पण शिष्य राहिले. १९३१ मध्ये पंडितजींच्या निधनानंतर याच शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. मुंबईत देवधरांनी त्यापूर्वीच स्वतःचे विद्यालय सुरू केले होते आणि तेथे पुढे कुमार गंधर्व शिकले. लोकवर्गणीचा पैसा विटांत घालावा की माणसांत, या प्रश्नाचे उत्तर या इतिहासात पुरेशा स्पष्टपणे मिळते.

आजची लोकवर्गणी : तमाशा आणि दशावतार

लोककलांच्या क्षेत्रात समाजाचा पैसा आजही थेट पोहोचतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथे जत्रांच्या हंगामापूर्वी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे पंच तेथे येतात, फड पाहतात, भाव ठरवितात आणि सुपारी देतात. ही सुपारीची रक्कम गावाने घरटी वर्गणी काढून जमविलेली असते. कोणत्याही शासकीय अनुदानाविना, केवळ वर्गणीवर चालणारा हा व्यवहार म्हणजे लोकाश्रयाचा जिवंत नमुना होय.

परंतु सुपारी एका रात्रीची असते. फडमालकाला हंगाम उभा करण्यासाठी कलावंतांना आगाऊ ‘उचल’ द्यावी लागते. त्यासाठी अनेकदा व्याजाने पैसे काढावे लागतात. हंगाम संपताना हिशेब बसला तर ठीक, नाहीतर देणे पुढच्या वर्षावर जाते. या चक्रात नव्या मुलीला ढोलकीच्या तालावर पावले बसवायला किंवा नव्या सोंगाड्याला वगनाट्यातील हजरजबाबीपणा शिकवायला स्वतंत्र पैसा व वेळ राहत नाही. शिकणे घरातच, कुटुंबात, काम करता करता होते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोरोनाच्या साथीमुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा फडांचे उत्पन्न जवळजवळ पूर्णपणे थांबले. ज्या कलेचा सर्व पैसा केवळ प्रयोगातून येतो, ती कला प्रयोग थांबताच निराधार होते, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

सिंधुदुर्गातील दशावताराची रचना थोडी वेगळी आहे. कार्तिकापासून पुढे गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि नाट्यमंडळ्या आपला पेटारा घेऊन रोज नव्या गावी प्रयोग करतात. देवस्थान, मानकरी, व्यापारी किंवा नवस फेडणारे कुटुंब ‘नाईट’ ठरविते. दशावताराला छापील संहिता नसते. प्रयोगापूर्वी आख्यान सांगितले जाते, भूमिका वाटल्या जातात आणि संवाद रंगमंचावर स्वयंस्फूर्तीने बोलले जातात. त्यामुळे नव्या नटाला पुराणकथा, वाक्पटुत्व, गायन, युद्धनृत्य आणि हार्मोनियम-मृदंगाची समज हे सारे आत्मसात करावे लागते. हे तो शिकतो विंगेत उभा राहून, ज्येष्ठांना रात्र रात्र पाहून. ही शिकवण मोलाची आहे यात शंका नाही. मात्र पावसाळ्यात प्रयोग थांबतात तेव्हा तरुण नट शेतीकडे किंवा मजुरीकडे वळतो. ज्या चार महिन्यांत निवांत शिकता आले असते, नेमके तेच महिने त्याच्या हातून निसटतात. जत्रेच्या एका रात्रीसाठी पैसा देणाऱ्या गावाला पावसाळ्यातील या चार महिन्यांची जाणीव करून देणे, हे काम अद्याप कोणी गांभीर्याने हाती घेतलेले नाही.

येथे एक सामाजिक निरीक्षण नोंदविणे अगत्याचे आहे. शास्त्रीय संगीताला दिलेल्या पैशास आपण ‘देणगी’ म्हणतो. तमाशाला दिलेल्या पैशास ‘सुपारी’ म्हणतो. पहिल्यात आदर आहे, दुसऱ्यात सौदा. हा भेद केवळ शब्दांचा नाही. ज्या जातिसमूहांतून आणि ज्या स्त्रियांकडून ही कला आली, त्यांच्याकडे पाहण्याच्या दृष्टीचा तो परिणाम आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला. तरी २००२ मध्ये संपलेल्या त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे विपन्नावस्थेत गेली. समाज कलावंताच्या मंचापाशी येतो आणि कधी कधी रुग्णशय्येपाशीही येतो. त्याच्या शिकण्याच्या वयात मात्र तो तेथे नसतो.

स्पर्धा आणि महोत्सव

महाविद्यालयीन क्षेत्रात तरुण कलावंतांना प्रोत्साहन म्हणजे स्पर्धा, असे समीकरण झाले आहे. स्पर्धांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. १९५४ मध्ये सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने हौशी रंगभूमीला जिल्ह्याजिल्ह्यांत उभे केले. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे आणि मराठी रंगभूमीच्या अनेक पिढ्यांची पहिली पायरी ती ठरली आहे. त्याचप्रमाणे भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने तिकीट काढून रात्रभर ऐकणारा श्रोतृवर्ग घडविला आणि नव्या कलावंतांना त्या श्रोत्यांसमोर आणले.

मात्र स्पर्धा ही परीक्षा आहे. ती शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकास पात्र नाही, असा निर्णय दिला. त्यावर नाट्यवर्तुळात बरीच चर्चा झाली. निर्णय योग्य की अयोग्य, या वादात न शिरता शिक्षकांनी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे : अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यांना वर्षभरात आवाज, देहबोली, संहितेचे वाचन यांचे पद्धतशीर शिक्षण किती मिळाले होते? बहुतेक महाविद्यालयांत स्पर्धेच्या महिना-दीड महिना आधी संघ जमतो, एखादा माजी विद्यार्थी दिग्दर्शन करतो आणि स्पर्धा संपली की सारे पांगतात. परीक्षा दरवर्षी होते, वर्ग मात्र भरत नाही.

याउलट उदाहरण म्हणून १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाकडे पाहता येईल. पुण्यातील प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या हौशी तरुणांनी डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते उभे केले. भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना या तरुणांच्या अंगी दीर्घ तालमींतून मुरली. त्या तालमींत विद्यार्थी, डॉक्टर, नोकरदार असे सारे होते. त्यांना पोटापाण्याची विवंचना तुलनेने कमी होती, म्हणून रोजच्या संध्याकाळी ते तालमीला देऊ शकले. ज्या तरुणाला संध्याकाळीही मजुरी करावी लागते, त्याच्यासाठी तालमीचा दरवाजा उघडा असूनही बंद असतो.

शासकीय शिष्यवृत्ती आणि संस्थात्मक प्रयोग

शासनाने या उणिवेची दखल घेतलेली नाही, असे म्हणता येणार नाही. केंद्र शासनाच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्रामार्फत १० ते १४ वर्षे वयोगटातील मुलांसाठी सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती योजना १९८२ पासून राबविली जाते. १८ ते २५ वयोगटातील कलावंतांसाठी संस्कृती मंत्रालयाची स्वतंत्र शिष्यवृत्ती असून तिचे स्वरूप दरमहा रु. ५,०००/- आणि कालावधी दोन वर्षे असा राहिला आहे. देशभरातून वर्षाला सुमारे ४०० कलावंतांना ती देण्याची तरतूद आहे. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार २००६ मध्ये सुरू झाला. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजनाही आहे.

या योजना एकत्र ठेवून पाहिल्या असता पुढील गोष्टी दिसतात. पहिली, सर्व राज्यांतील संगीत, नृत्य, नाट्य, दृश्यकला आणि लोककला मिळून ४०० ही संख्या अत्यल्प आहे. दुसरी, दोन वर्षांत गाणे किंवा नृत्य ‘येत’ नाही. ते फार तर रुळावर येते. तिसरी, अर्ज करणे, गुरूचे प्रमाणपत्र मिळविणे, मुलाखतीस जाणे यासाठी जे मार्गदर्शन लागते ते शहरी, सुशिक्षित घरांतील मुलांना सहज मिळते. फडावरील किंवा वाडीवरील मुलाला मिळत नाही. चौथी, आरंभीचे बालपण, सिद्ध झालेले तारुण्य आणि वार्धक्य यांची दखल योजनांत आहे. विशीतील अनिश्चित वर्षांसाठी जी तरतूद आहे, ती सर्वांत अपुरी आहे. कला सोडण्याचा निर्णय नेमका याच वर्षांत होतो.

दीर्घकालीन आधाराने काय साधते, हे दोन प्रयोगांवरून दिसते. भोपाळ येथे १९८१ मध्ये मध्य प्रदेश शासनाच्या पुढाकाराने ध्रुपद केंद्र सुरू झाले. उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांच्याकडे विद्यार्थ्यांनी विद्यावेतनासह अनेक वर्षे शिकावे, अशी तेथील योजना होती. मोजके गायक उरलेल्या या शैलीला तेथून नव्या पिढीचे गायक मिळाले. पुढे पुण्यात स्थायिक झालेले पंडित उदय भवाळकर हे त्यांपैकी एक. कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी ही उद्योगसमूहाच्या पैशावर उभी असलेली संस्था. तेथे गुरू परिसरात राहतात आणि निवडक विद्यार्थी शिष्यवृत्तीवर शिकतात. पंडित उल्हास कशाळकर यांनी तेथे दीर्घकाळ गुरू म्हणून कार्य केले आहे. दोन्ही ठिकाणी विद्यार्थी थोडे, कालावधी मोठा आणि गुरूच्या निर्वाहाची निश्चिती हे तीन घटक समान आहेत.

स्थानिक ‘घडण निधी’ : एक प्रस्तावित रचना

असे प्रयोग राज्य शासन किंवा मोठा उद्योगसमूहच करू शकतो, हा समज मात्र तपासून पाहिला पाहिजे. तालुक्याच्या गावी शिक्षक, डॉक्टर, वकील, व्यापारी, बँक कर्मचारी यांचा जो वर्ग गणेशोत्सवाची वर्गणी देतो, तोच वर्ग मासिक वर्गणीवर निधी चालवू शकतो. उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. १५० सभासदांनी दरमहा रु. २००/- दिल्यास महिन्याला रु. ३०,०००/- जमतील. त्यातून पाच विद्यार्थ्यांना प्रत्येकी रु. ३,०००/- विद्यावेतन (रु. १५,०००/-), दोन गुरूंना प्रत्येकी रु. ५,०००/- मानधन (रु. १०,०००/-), प्रवास व वाद्यदुरुस्ती रु. ३,०००/- आणि राखीव निधी रु. २,०००/- अशी विभागणी होऊ शकते. तीन वर्षांचा एकूण खर्च रु. १०,८०,०००/- होतो. रु. ३,०००/- ही रक्कम मोठी नाही. पण आठवड्यातील दोन दिवसांची मजुरी बुडवून गुरूकडे जाण्याचे धैर्य तिच्यामुळे येऊ शकते. आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याची अडचण एवढ्याच रकमेची होती.

या निधीच्या रचनेत पुढील तत्त्वे पाळावीत, असे वाटते.

१. कालावधी किमान तीन वर्षांचा असावा. तीन वर्षांची तरतूद दृष्टिपथात आल्यावाचून विद्यार्थ्याची निवड करू नये. अर्ध्यावर थांबलेली मदत विद्यार्थ्याला कलेपासून आणि नोकरीपासून दोन्हींकडून तोडते.

२. पैसा इमारतीत किंवा समारंभात घालू नये. शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप, ग्रंथालयाचे सभागृह सायंकाळी उपलब्ध होऊ शकते. निधीसाठी कर्ज काढू नये. पलुस्करांच्या मुंबईतील इमारतीचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरावा.

३. राखीव निधी वेगळा ठेवावा. वरील हिशेबाप्रमाणे तीन वर्षांत रु. ७२,०००/- राखीव राहतात, म्हणजे सुमारे अडीच महिन्यांचा खर्च. कोरोनाच्या काळात फडांजवळ एवढाही आधार नव्हता.

४. गुरूला मानधन द्यावे. ‘गुरू विद्या विकत नाही’ हे वाक्य आदराने उच्चारले जाते, परंतु त्याच्या आडून गुरूच्या कुटुंबावर भार टाकला जातो. लोककलेतील ज्येष्ठ कलावंतांना गुरू म्हणून मान व मानधन दोन्ही दिल्यास त्यांच्या उतारवयाचा प्रश्नही अंशतः सुटतो.

५. निवड केवळ पारितोषिकांवर करू नये. ज्याला आधीच चांगले शिक्षण मिळाले आहे तोच पारितोषिके मिळवितो आणि निधीही त्यालाच मिळतो, असे दुष्टचक्र त्यातून निर्माण होते. मुली, कलावंत जमातींतील मुले आणि दूरच्या वाड्यांवरील मुले यांच्यापर्यंत निवड समितीने स्वतः जावे.

६. विद्यार्थ्यांची सुरक्षितता नियमांत लिहिलेली असावी. गुरूच्या अधिकाराला आपल्या परंपरेत मर्यादा घातलेली नाही; म्हणून ती संस्थेने घालावी. बालकांच्या लैंगिक अपराधांपासून संरक्षणाचा २०१२ चा कायदा आणि कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा यांची माहिती गुरू, पालक व विद्यार्थी यांना प्रवेशाच्या वेळीच द्यावी. तक्रार करणाऱ्याचे विद्यावेतन थांबणार नाही, अशी हमी लेखी असावी.

७. हिशेब जाहीर असावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी व वार्षिक लेखापरीक्षण करून जमाखर्च सूचनाफलकावर लावावा. कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला व संस्कृती यांच्या संवर्धनाचा समावेश असल्याने सामाजिक दायित्व निधीसाठी कंपन्यांकडेही जाता येते. परंतु त्यासाठी हिशेब चोख असणे ही पहिली अट आहे.

विद्यार्थ्याकडून परतफेडीची अपेक्षा असावी काय? ती पैशाच्या रूपाने नसावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उपदेशक वर्गाच्या धर्तीवर, शिक्षण पूर्ण झाल्यावर काही काळ त्याने गावातील मुलांना शिकवावे एवढीच बांधिलकी पुरेशी आहे. त्यातून पुढच्या तुकडीला शिक्षक मिळेल आणि देणाऱ्यांनाही आपल्या वर्गणीचे फळ डोळ्यांसमोर दिसेल.

एक आक्षेप

या विचारावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. कलावंत हालअपेष्टांतूनच घडतो. विद्यावेतन देऊन भीमसेन निर्माण होत नाहीत. घर सोडून निघालेल्या अकरा वर्षांच्या मुलाची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. या युक्तिवादातील दोष असा की, त्यात केवळ पोहोचलेल्यांची गणना होते. वाटेतून परतलेले, आजारी पडलेले, वसुलीच्या नोकरीला लागलेले यांची नोंद कोठेच नसते. शिवाय हाल सोसलेल्या भीमसेनांनी स्वतः काय केले, हेही पाहावे. त्यांनी गुरूच्या नावाने असा महोत्सव उभा केला की, जेथे पुढच्या पिढीला मंचासाठी वणवण करावी लागू नये. कष्टाचा अनुभव असलेल्याने कष्टाचा गौरव केला नाही, व्यवस्था उभी केली. निधीमुळे प्रतिभा निर्माण होत नाही हे मान्य. परंतु प्रतिभा आहे किंवा नाही, हे कळण्याइतकी वर्षे निधीमुळे मिळतात.

महाविद्यालयांची भूमिका

या कामात महाविद्यालयांना तीन गोष्टी तातडीने करता येण्यासारख्या आहेत. एक, सांस्कृतिक विभागाच्या अंदाजपत्रकातील काही भाग स्नेहसंमेलनाच्या मंचसजावटीऐवजी वर्षभराच्या तालीम वर्गाकडे वळवावा. दोन, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्थानिक कलावंतांना शिक्षक म्हणून सहभागी करून घेण्याचा विचार मांडला आहे. त्याचा आधार घेऊन परिसरातील शाहीर, पखवाजवादक, दशावतारी नट यांना नियमित तासिकांसाठी बोलवावे. केवळ उद्घाटनाला नव्हे. तीन, एका प्राध्यापकाकडे शिष्यवृत्ती मार्गदर्शनाचे काम सोपवावे. अर्जाचे नमुने, मुदती, प्रमाणपत्रे यांची माहिती विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविणे हे काम खर्चाचे नाही, पण ते न झाल्यामुळे होणारी हानी मोठी आहे. घडण निधीसाठी पहिले १५० सभासद शोधतानाही महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी मंडळ हा सर्वांत जवळचा मार्ग आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. महाराष्ट्रात प्रयोगात्म कलांसाठी समाजाचा पैसा उपलब्ध आहे. परंतु तो प्रयोग, स्पर्धा व पुरस्कार यांच्याभोवती एकवटलेला आहे. शिकण्याच्या काळाचा खर्च पूर्वी दरबार, गुरुगृह आणि नाटक मंडळ्या उचलीत. या तिन्ही व्यवस्था संपल्या वा क्षीण झाल्या, पण त्यांच्या जागी समाजाने नवी व्यवस्था उभी केली नाही. शासकीय शिष्यवृत्त्या उपयुक्त असल्या तरी संख्येने व कालावधीने अपुऱ्या आहेत. गांधर्व महाविद्यालयाच्या उपदेशक वर्गाने दाखविल्याप्रमाणे, लोकांच्या पैशातून थोड्या विद्यार्थ्यांना दीर्घकाळ सांभाळणे शक्य असते आणि त्याचे फळ पिढ्यान्‌पिढ्या मिळते.

पुढील वर्षी पुन्हा युवक महोत्सव होईल, पुन्हा कोणी पहिला येईल आणि आपण त्याचा सत्कार करू. त्या वेळी शाल-श्रीफळासोबत त्याला एक प्रश्न विचारता आला पाहिजे : “शिकायला जाण्याची तुझी काय सोय आहे?” या प्रश्नाचे उत्तर ऐकून घेण्याची आणि त्यावर काही करण्याची तयारी जेथे असेल, तेथेच कलेला आश्रय आहे असे म्हणता येईल.